उतारशाळेचा मालक आणि गोळ्यांचे पाकीट

अभ्यासलेख | वाचन : लूक १०:२५-३७



या अंकातील अभ्यासाचा विषय काही जणांना मंडळीत बोलण्यासारखा वाटणार नाही. दिवस राहू नयेत म्हणून बायका ज्या हार्मोनच्या गोळ्या घेतात, त्या औषधाच्या दुकानातून कशा दिल्या जातात, त्या देताना काय विचारले जाते आणि काय विचारले जात नाही, हा तो विषय. मी स्वतः कितीतरी वर्षे तो टाळला. त्या टाळण्याची किंमत दुसऱ्याच एका बाईने मोजली, म्हणून आज लिहीत आहे.

वचनाकडे

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्याला शब्बाथ शाळेपासून पाठ आहे. याजक बाजूने निघून गेला, लेवी बाजूने निघून गेला, शोमरोनी मात्र थांबला. आपण नेहमी या तिघांवरच बोलतो. दाखल्यात चौथा एक माणूस आहे, त्याच्यावर मी तरी कधी संदेश ऐकलेला नाही. तो म्हणजे उतारशाळेचा मालक. तो याजक नाही, वैद्यही नाही. वाटेवर बसून धंदा करणारा साधा माणूस आहे. शोमरोनी त्याच्या हातात दोन नाणी ठेवतो, या माणसाची काळजी घे असे सांगतो, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असा शब्द देतो. पुढे त्या मालकाने काय केले, हे प्रभूने सांगितलेले नाही. त्याने जखमी माणसाला नुसती खोली दिली, की रात्री उठून कपाळाला हात लावून पाहिले? हा प्रश्न मोकळाच राहतो.

आपल्या आदिवासी भागात वाटेवरची उतारशाळा म्हणजे बाजाराच्या गावातले मेडिकल. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या पाड्यांवरून दवाखाना लांब असतो. डॉक्टर भेटतीलच याची खात्री नसते. मेडिकल मात्र आठवडे बाजाराच्या वाटेवरच असते आणि उघडे असते. ताप, खोकला, खरूज, अंगदुखी, सगळे आधी तिथेच जाते. आणि गुपचूप, पदराआडून, बायांचे प्रश्नही तिथेच जातात.

एका पाकिटाची गोष्ट

चार वर्षांपूर्वी द्राक्षाच्या हंगामात मी दिंडोरी भागात मजुरांच्या वस्तीवर जात असे. सुरगाण्याकडची कोकणा कुटुंबे तिथे कामाला उतरलेली होती. त्यातली एक बाई पंचविशीची. तिसरे बाळ चार महिन्यांचे, अंगावर पिणारे. एका संध्याकाळी प्रार्थना संपल्यावर ती माझ्याजवळ सरकली आणि म्हणाली, "ताई, आता लगेच दिवस जायला नकोत. गोळी असती ना काही? कोणती घ्यायची?"

मंडळीतले वडीलधारे पुरुष तिथेच सतरंजी घडी करत होते. मला संकोच वाटला. मी आवाज खाली करून म्हटले, "डॉक्टरांना विचार हं." तिने मान डोलावली. विषय संपला, आणि मला सुटल्यासारखे वाटले.

तिला डॉक्टरकडे जायचे तर एक दिवसाची मजुरी बुडणार होती, जीपचे भाडे द्यावे लागणार होते, आणि समोर बहुधा पुरुष डॉक्टर असणार होता. हे सगळे मला माहीत होते.

पुढचे मला काही महिन्यांनी कळले. बाजाराच्या दिवशी तिने एका मेडिकलमध्ये पोरे न होण्याची गोळी मागितली. काउंटरवरच्या मुलाने पाकीट काढले, पैसे घेतले, सुटे परत दिले. बाळ किती महिन्यांचे, अंगावर पिते का, हे त्याने विचारले नाही. गोळी सुरू केल्यावर तीन-चार आठवड्यांत तिचे दूध कमी झाले. दूध गोळीनेच कमी झाले, की बागेतल्या दिवसभराच्या कामाने, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत अंगावर पाजणाऱ्या आईला ही संयुक्त गोळी सहसा देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. दूध पुरेना म्हणून शेजारणीच्या सल्ल्याने बाटली आली, बाटलीत पातळ केलेले पावडरचे दूध आले, मागोमाग जुलाब आले. बाळ चार दिवस सलाईनवर होते. प्रभूच्या कृपेने ते वाचले. घाबरून तिने गोळ्या फेकून दिल्या. थोड्याच महिन्यांत तिला पुन्हा दिवस गेले, तेव्हा तपासणीत तिचे हिमोग्लोबिन सात होते.

त्या तपासणीला मी तिच्याबरोबर होते. बाहेर बाकावर बसलो असताना मी विचारले, "अगं, मी तुला डॉक्टरांना विचारायला सांगितलं होतं ना?" ती साधेपणाने म्हणाली, "विचारलं ना ताई. दुकानातल्या डॉक्टरलाच विचारलं."

आपल्या भागात मेडिकलवाल्याला डॉक्टरच म्हणतात. तिने माझे ऐकले होते. तिला विचारायला पाठवणारी मी, आणि तिला काहीही न विचारणारा तो मुलगा, आम्ही दोघे मिळून त्या वाटेवरून बाजूने निघून गेलो होतो.

तिचे चौथे मूल आज अंगणात धावते. ते देवाचे दान आहे, त्याच्याविषयी माझ्या मनात दुसरा विचार नाही. पण त्या दानाची किंमत त्याच्या आईच्या रक्तातून गेली, आणि तिला आधी कोणी नीट दोन शब्द सांगितले नव्हते, हेही तितकेच खरे.

कायदा काय म्हणतो

आपल्या देशात औषधविक्रेता औषध लिहून देऊ शकत नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे नोंदणीकृत फार्मासिस्टने डॉक्टरच्या चिठ्ठीवरून औषध द्यायचे असते. १९४५ च्या औषध नियमांत ज्या औषधांना चिठ्ठी लागते त्यांची यादी आहे, आणि हार्मोन त्या यादीत आहेत. मात्र त्याच नियमांत सवलतींचे वेगळे परिशिष्ट आहे. त्यानुसार कुटुंबनियोजनाच्या ठरावीक कमी मात्रेच्या गोळ्या चिठ्ठीविना विकता येतात. ४ नंबरची गोष्ट नव्हे ही, अगदी रोजची आहे : माला-डी सारखी गोळी याच सवलतीत येते. संबंध आल्यानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळीही २००५ पासून चिठ्ठीविना मिळते.

सरकारने तर याच्याही पुढचे पाऊल टाकले. २०११ पासून आशाताई घरोघरी जाऊन गोळ्यांचे पाकीट अवघ्या १ रुपयात देऊ लागल्या. म्हणजे गोळी डॉक्टरच्याच हातून गेली पाहिजे, असा आग्रह आपल्याकडे फार पूर्वीच सुटला आहे.

बाहेरच्या देशांत उलट वाट चालली. अमेरिकेत २०१६ पासून ऑरेगन आणि कॅलिफोर्निया या राज्यांत फार्मासिस्ट स्वतः या गोळ्या लिहून देऊ लागले. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०२३ मध्ये अशी सेवा औषधाच्या दुकानांतून सुरू केली. पण तिथे फार्मासिस्टला अधिकाराबरोबर कर्तव्यही दिले गेले. त्याने आधी प्रशिक्षण घ्यायचे, बाईकडून प्रश्नावली भरून घ्यायची, रक्तदाब पाहायचा, आणि धोका दिसला तर गोळी न देता तिला डॉक्टरकडे पाठवायचे.

इथे आपली अडचण उघडी पडते. त्यांनी विचारपूस करणाऱ्याला गोळी देण्याचा अधिकार दिला. आपल्याकडे गोळी विकण्याची मोकळीक आहे, पण विचारपूस करण्याची सवय नाही. शिवाय भिंतीवर प्रमाणपत्र एकाचे आणि काउंटरवर दुसराच, हे चित्र खेड्यात आपण सर्वांनी पाहिले आहे. म्हणून फार्मासिस्टला लिहिण्याचा अधिकार द्यावा की नाही, हा वाद आपल्या बायांच्या दृष्टीने दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की पाकीट देण्याआधी तिला कोणी चार गोष्टी विचारील का?

विचारायच्या गोष्टी

माला-एन आणि माला-डी या संयुक्त गोळ्या आहेत. पाकिटात २८ गोळ्या असतात : २१ हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या, रंगाने वेगळ्या. रोज एक, ठरल्या वेळी, खंड न पाडता घ्यायची. नवरा कामाला बाहेरगावी गेला म्हणून थांबवायची आणि आला की सुरू करायची, असे चालत नाही. लोहाच्या गोळ्या फेकून द्यायच्या नसतात, आपल्या अशक्त बायांना त्यांचाही उपयोग आहे. एक गोळी चुकली तर आठवताच घ्यावी आणि पुढच्या नेहमीप्रमाणे चालू ठेवाव्यात.

देण्यापूर्वी हे विचारायला हवे :

१. बाळ किती महिन्यांचे आहे? अंगावर पिते का?
२. रक्तदाब किती आहे? १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल तर ही गोळी सुरू न करता डॉक्टरकडे पाठवावे.
३. वय ३५ च्या पुढे असून विडी-सिगारेट ओढतेस का?
४. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ, झटका, हृदयाचा किंवा यकृताचा आजार, स्तनाचा कर्करोग झाला आहे का? अर्धे डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकते का?
५. क्षयाचे औषध चालू आहे का? त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे गोळीचा परिणाम कमी होतो आणि गोळी घेत असूनही दिवस राहू शकतात.
६. सिकलसेल आहे का? असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी सुरू करू नये.

शेवटचे दोन प्रश्न शहरातल्या माणसाला सुचणार नाहीत. आपल्या पाड्यांवर मात्र ते पहिल्यांदा विचारायला हवेत.

यांतल्या एखाद्या प्रश्नावर गाडी अडली तरी बाईला रिकाम्या हाती परत पाठवण्याचे कारण नाही. २०१७ पासून सरकारी आरोग्यसेवेत 'छाया' ही गोळी आणि 'अंतरा' हे इंजेक्शन मोफत मिळते. छायामध्ये हार्मोन नाही. ती लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधली गेली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची असते, अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. अंतरा दर तीन महिन्यांनी घ्यायचे असते आणि पहिल्या इंजेक्शनआधी डॉक्टरांची तपासणी लागते. काय कोणाला योग्य, हे नर्सताई किंवा आरोग्य केंद्रातले डॉक्टर सांगतील.

आणि ज्या गोष्टीने माझे मन आजही टोचते, ती ही : बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, रात्रंदिवस फक्त अंगावरच पीत असेल, आणि पाळी परत आली नसेल, तर ते पाजणेच दिवस राहण्यापासून मोठे संरक्षण देते. त्या संध्याकाळी माझ्यासमोर उभ्या असलेल्या बाईच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तिला त्या क्षणी कोणत्याच पाकिटाची गरज नव्हती. तिला फक्त हे सांगणारे माणूस हवे होते, आणि दोन महिन्यांनी काय करायचे, हे तिच्याबरोबर ठरवणारे.

तीन गोळ्या, तीन कामे

गावात 'गोळी' हा एकच शब्द तीन वेगळ्या औषधांना वापरतात. त्यातून अनर्थ होतात. रोजची गोळी दिवस राहू देत नाही. तातडीची गोळी एखाद्या वेळेपुरती असते, ती राहिलेला गर्भ पाडत नाही, आणि रोजच्या गोळीच्या जागी तिचा वापर करू नये. तिसरी गर्भपाताची औषधे. ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय आणि देखरेखीशिवाय घेणे जिवावर बेतू शकते. काही दुकानदार या तिसऱ्या औषधाच्या भीतीने दुसरीही ठेवत नाहीत, तर काही जण पैशासाठी तिसरीही हातावर ठेवतात. दोन्हीकडे नुकसान बाईचेच.

याशिवाय सणाला किंवा कामाच्या हंगामात पाळी पुढे ढकलायची गोळी मागितली जाते. तीही हार्मोनचीच आहे आणि तिला चिठ्ठी लागते. तिने दिवस राहायचे थांबतात, असा गैरसमज आहे. तो दूर करावा.

मंडळीचा हिशेब

या विषयात आपले हात स्वच्छ आहेत असे समजू नये. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. देशातले ते पहिलेच मानले जाते. ते तेव्हा विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. ते कॉलेज स्कॉटिश मिशनचे. या कामामुळे त्यांना तिथली नोकरी सोडावी लागली. कर्व्यांची सगळीच मते आपल्याला पटतील असे नाही, मलाही पटत नाहीत. पण बाळंतपणांनी खचलेल्या बायांकडे पाहून ते थांबले होते, आणि आपली संस्था बाजूने निघून गेली होती. दाखला वाचताना मला हे आठवते.

चर्चची मतेही एक नाहीत. अँग्लिकन बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेने १९३० मध्ये विवाहितांसाठी, मर्यादा घालून, कृत्रिम साधनांना वाट दिली. पोप पौल सहावे यांनी १९६८ च्या परिपत्रकात ती नाकारली आणि नैसर्गिक पद्धतींनाच मान्यता दिली. आपल्या वाचकांत दोन्ही परंपरांचे लोक आहेत. हा भेद एका लेखाने मिटणार नाही. मात्र तिला खरी माहिती मिळावी, तिच्या जिवाला धोका होऊ नये, आणि तिच्यावर कोणी जबरदस्ती करू नये, या तीन गोष्टींवर आपण एकत्र उभे राहू शकतो. आणीबाणीतल्या नसबंदीच्या सक्तीची आठवण देशात अजून बुजलेली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्क्यांनी शस्त्रक्रिया केलेली होती, आणि गोळी घेणाऱ्या सुमारे ५ टक्के होत्या. म्हणजे बहुतेकींना थेट शेवटचा दरवाजाच दाखवला जातो. दोन मुलांत अंतर ठेवण्याची वाट त्यांना नीट कळतच नाही.

एक दुकान

निराश होऊन शेवट करायचा नाही. पेठच्या बाजूला एका बाजाराच्या गावात मी एक मेडिकल पाहिले. दुकानदार साठीचे, स्वतः फार्मासिस्ट. बाजाराच्या दिवशी ते मुद्दाम आपल्या पत्नीला काउंटरच्या एका टोकाला उभे करतात. बाया त्या टोकाला जातात. काही जणी बोलतही नाहीत, कमरेच्या पिशवीतून जुने रिकामे पाकीट काढून नुसते दाखवतात. काकू त्यांना आत स्टुलावर बसवतात, बाळाचे वय विचारतात. काका येऊन रक्तदाब घेतात. मी बसले होते त्या दोन तासांत त्यांनी एका बाईला पाकीट न देता आरोग्य केंद्राच्या नर्सताईंकडे पाठवले, जाताना कागदावर रक्तदाबाचा आकडा लिहून दिला. त्या पाकिटातून मिळणारे चार पैसे त्यांनी सोडले.

मी विचारले, "काका, एवढा वेळ परवडतो का?" ते म्हणाले, "ती पुढच्या बाजारालाही इथंच येणार आहे. तेव्हा तिच्याकडे बघता आलं पाहिजे."

उतारशाळेच्या मालकाने पुढे काय केले, हे प्रभूने सांगितले नाही. मला वाटते, त्याने असेच काहीतरी केले असावे.

आपण काय करू शकतो

मंडळीत औषधाचे दुकान चालवणारे, डी. फार्म. शिकणारे तरुण आहेत. त्यांनी वरचे सहा प्रश्न मराठीत लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवावेत आणि रक्तदाबाचे यंत्र ठेवावे. भगिनी मंडळाने आपल्या भागातल्या आशाताईंना आणि नर्सताईंना सभेला बोलवावे. पाळकांनी लग्नाआधीच्या समुपदेशनात हा विषय घ्यावा, नवऱ्या मुलालाही समोर बसवून. आणि आमच्यासारख्या कार्यकर्त्यांनी "डॉक्टरांना विचार" हे वाक्य एकटे सोडू नये. त्याच्यामागे कोणत्या डॉक्टरांना, कधी, आणि तुझ्याबरोबर कोण येणार, हेही बोलावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. दाखल्यातील चार माणसांपैकी तुमचे काम कोणासारखे आहे?
२. एखाद्या बाईने तुम्हाला असा प्रश्न विचारला आणि तुम्ही तो टाळला, असे कधी झाले का? तेव्हा तुम्हाला भीती कशाची होती?
३. गर्भनिरोधनाविषयी आपल्या मंडळीत मतभेद असताना खरी माहिती देण्याचे काम आपण एकत्र कसे करू शकतो?
४. तुमच्या गावातल्या मेडिकलमध्ये बाईला दोन मिनिटे बाजूला बसून बोलायला जागा आहे का?

प्रार्थनेचे विषय

हंगामासाठी घर सोडून निघालेल्या कुटुंबांसाठी, त्यांतील गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांसाठी. आशाताई, नर्सताई आणि औषध दुकानदारांसाठी, की त्यांनी देण्याआधी विचारावे. आणि आपल्या स्वतःसाठी, की कोणी दबल्या आवाजात काही विचारले, तर आपण आपला संकोच बाजूला ठेवून तिच्याजवळ बसावे.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.